सात ईटीएफ झाले; आता कोणते ठेवावेत आणि निवड कशी करावी?

कोयनाकाठ यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. मी कराडजवळच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वय ४३. नेमणूक २००५ नंतरची असल्यामुळे जुनी पेन्शन नाही. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आहे, आणि त्यातला समभागांचा वाटा कमीच असतो. म्हणून गेली तीन वर्षे दरमहा साधारण १८ हजार रुपये बाजूला काढून मी शेअर बाजारात थेट कंपन्या न निवडता ईटीएफ, म्हणजे एखाद्या निर्देशांकातले शेअर किंवा धातू आत धरणारे आणि शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड, घेत आले. घरचे सोने, पीपीएफ आणि बँकेतील ठेवी वेगळ्या आहेत. त्यांचा येथे विचार नको.

अडचण अशी की, ठरवून असे काही झालेच नाही. आज डीमॅट खात्यात सात ईटीएफ आहेत. निफ्टी ५०चे दोन (दुसरा घेतला, कारण त्याचे युनिट पहिल्यापेक्षा स्वस्त दिसले), सेन्सेक्सचा एक, बँक निफ्टीचा एक, सीपीएसई (केंद्र सरकारच्या कंपन्यांचा), नॅस्डॅक १०० (अमेरिकी बाजारातल्या कंपन्यांचा) आणि चांदी. निफ्टीच्या दोन्हींत मिळून २ लाख १० हजार, सेन्सेक्समध्ये ९० हजार, बँक निफ्टीत ८० हजार, सीपीएसईत ७० हजार, नॅस्डॅकमध्ये १ लाख १० हजार आणि चांदीत ६० हजार, अशी एकूण ६ लाख २० हजारांची गुंतवणूक आहे.

चांदीचा ईटीएफ मी २०२५च्या धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात घेतला. दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत, मोबाइलवर, मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला खरेदी) टाकून. नंतर चांदी उतरली, याचे मला दुःख नाही. भाव खाली-वर होणारच. पण सराफाकडील चांदीचा भाव जितका उतरला त्यापेक्षा माझे युनिट बरेच जास्त उतरले, हे कोडे मला सुटत नाही. चांदी तीच असेल, तर हा फरक कुठून आला?

माझा मुख्य प्रश्न मात्र निवडीचा आहे. एकाच निर्देशांकावर दहा-बारा फंड घराण्यांचे ईटीएफ आहेत. मी आजवर मागील वर्षाचा परतावा आणि खर्चाचे प्रमाण एवढे दोनच रकाने पाहत आले. जाणकारांनी कृपया सांगावे की, आणखी काय पाहावे, आणि या सातांपैकी किती ठेवावेत. निवृत्तीला अजून पंधरा-सतरा वर्षे आहेत.

हिशोबनीस यांचे उत्तर:

ताई, आकडे दिल्यामुळे बोलणे सोपे झाले. परताव्याचा रकाना तूर्त झाकून ठेवा, कारण निफ्टीचा परतावा हा निफ्टीचा असतो, फंड घराण्याचा नव्हे. तो चांगला दिसतो म्हणून फंड निवडणे, म्हणजे एसटीच्या रांगेत उभ्या असलेल्या सहा गाड्यांपैकी रंग पाहून एक पकडण्यासारखे आहे. सगळ्या पुण्यालाच जाणार.

पहिला निर्णय निर्देशांकाचा. तुमच्या सातांपैकी पाच भारतीय समभागांचे आहेत आणि त्यांत मिळून साडेचार लाख रुपये आहेत. ही पाच नावे वेगळी असली तरी आतला माल फारसा वेगळा नाही. सेन्सेक्समधल्या तीस कंपन्यांपैकी जवळपास सर्व निफ्टीत असतातच. निफ्टीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग बँका आणि वित्तसंस्थांचा आहे, सेन्सेक्सचाही तेवढा आहेच, आणि त्यावर तुम्ही बँक निफ्टीची पुन्हा एक थप्पी रचली आहे. तीन लाखांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक लाख धरा आणि त्यात बँक निफ्टीचे ऐंशी हजार मिळवा. साडेचार लाखांतले किमान १ लाख ८० हजार, म्हणजे ४० टक्के, एकाच व्यवसायात आहेत. ‘बँका पुढे येतील’ असे तुमचे विचारपूर्वक बनलेले मत असेल, तर माझा आक्षेप नाही. पण प्रश्नावरून तरी हे ठरवून झालेले दिसत नाही.

निफ्टी ५० आणि त्याला जोड म्हणून निफ्टी नेक्स्ट ५०, एवढ्यावर भारतीय समभागांचे काम भागते. निफ्टीबाहेरच्या पुढच्या पन्नास मोठ्या कंपन्या नेक्स्ट ५०मध्ये येतात, त्यामुळे दोघांत एकही कंपनी सामाईक नसते. मात्र नेक्स्ट ५० पडताना निफ्टीपेक्षा अधिक जोरात पडू शकतो, म्हणून त्याचा वाटा चौथाई किंवा तिसऱ्या हिश्शापुढे नेऊ नये, असे माझे मत आहे.

आता स्वस्त युनिटविषयी. कराडकरांना गुळाचे सांगायला नको: अख्खी ढेप घेतली काय आणि त्याच ढेपेचे खडे घेतले काय, किलोचा भाव तोच. बाजारातल्या सर्वांत जुन्या निफ्टी ईटीएफचे युनिट पूर्वी निर्देशांकाच्या सुमारे एक दशांश किमतीचे होते; २०१९च्या अखेरीस त्याचे दहा तुकडे करून ते सुमारे एक शतांशावर आणले गेले. त्या दिवशी कोणी श्रीमंत झाले नाही आणि कोणी गरीबही झाले नाही.

एकाच निर्देशांकावरच्या फंडांची तुलना करताना जो आकडा सर्वांत प्रामाणिक असतो, तो म्हणजे ट्रॅकिंग डिफरन्स. लाभांशासह निर्देशांकाने वर्षात १२ टक्के दिले आणि ईटीएफच्या एनएव्हीने (युनिटमागे आतल्या मालाच्या किमतीने) ११.९० टक्के, तर फरक ०.१० टक्के. खर्चाचे प्रमाण, फंडाने हाताशी ठेवलेली रोकड, निर्देशांकात कंपन्या बदलतात तेव्हा खरेदी-विक्रीत झालेली झीज, हे सगळे या एका आकड्यात उतरते. ट्रॅकिंग एरर हे त्याचे भावंड आहे, पण अर्थ निराळा. तुम्ही भौतिकशास्त्राच्या, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो: तो रोजच्या फरकाचे प्रमाण विचलन दाखवतो. जो फंड रोज तंतोतंत सारखाच मागे राहतो, त्याचा एरर जवळजवळ शून्य येईल आणि डिफरन्स मात्र मोठा निघेल. तुमच्या प्रयोगशाळेत नेमका तेवढाच कमी दाखवणारा तराजू असतो ना, तसे. सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, २०२२ पासून फंड घराण्यांना हे दोन्ही आकडे जाहीर करायला लावले आहेत. ट्रॅकिंग डिफरन्स १, ३, ५ आणि १० वर्षांचा मिळतो. एका वर्षाचा सोडून तीन आणि पाच वर्षांचे पाहावेत.

खळ्याबाहेरचा यांचे उत्तर:

मी अनेक वर्षे एका दलालाच्या कार्यालयात ऑर्डर टाकण्याचे काम केले. हिशोबनीसांनी सांगितलेले सर्व बरोबर आहे, पण ते एनएव्हीबद्दल आहे, आणि ताईंनी चांदी एनएव्हीला घेतलेलीच नाही. त्यांनी ती बाजारभावाला घेतली. त्यांच्या कोड्याचे उत्तर या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आहे.

ईटीएफच्या युनिटला दोन किमती असतात. एक आतल्या मालाची किंमत. ती दिवसभर आय-एनएव्ही म्हणून फंड घराण्याच्या संकेतस्थळावर दिसते आणि समभागांच्या ईटीएफच्या बाबतीत साधारण दर १५ सेकंदांनी बदलते. दुसरी किंमत म्हणजे बाजारात समोरचा विकणारा जे मागतो ती. या दोन्ही जवळ राहाव्यात यासाठी मार्केट मेकर नेमलेले असतात. युनिट महाग झाले की ते निर्देशांकातले शेअर किंवा धातू फंड घराण्याला देऊन घाऊक प्रमाणात नवी युनिटे तयार करून घेतात आणि बाजारात विकतात. स्वस्त झाले की उलट करतात. त्यांचा हा नफा म्हणजेच आपले संरक्षण होय. पण नवी युनिटे तयार होण्याचा मार्ग बुजला, की संरक्षण संपले.

२०२५च्या दिवाळीआधी हेच झाले. चांदीच्या ईटीएफवर लोक तुटून पडले, देशात त्या प्रमाणात चांदीचा पुरवठा नव्हता, आणि युनिटचे भाव आतल्या चांदीच्या पुष्कळ वर गेले. काही फंड घराण्यांनी तर ऑक्टोबरमध्ये आपल्या चांदीच्या फंड ऑफ फंडमध्ये एकरकमी पैसे घेणे तात्पुरते थांबवले, कारण त्या योजनाही शेवटी हीच महाग युनिटे विकत घेत होत्या. गर्दी ओसरल्यावर वरचा फुगा बसला. ताईंचे नुकसान दोन भागांचे आहे: चांदी उतरली हा एक भाग, फुगा बसला हा दुसरा. पहिला भाग चांदी वर गेल्यास भरून येईल. दुसऱ्याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

नॅस्डॅकच्या ईटीएफलाही हाच रोग आहे, फक्त जुनाट. परदेशी शेअरांत पैसे नेण्यासाठी भारतीय म्युच्युअल फंड उद्योगाला एकूण ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी १ अब्ज डॉलरची. या मर्यादा भरत आल्यामुळे आधी २०२२ साली आणि मग एप्रिल २०२४ पासून नवे पैसे घेण्यावर बंधने आली. नवी युनिटे तयार होणे जवळपास थांबले आणि आहे त्याच युनिटांवर खरेदीदार भांडू लागले. त्यामुळे हे ईटीएफ काही वेळा आतल्या मालापेक्षा दोन आकडी टक्क्यांनी महाग विकले गेले आहेत. ताई, आज तुमच्या १ लाख १० हजारांत आतला माल किती रुपयांचा आहे, हे युनिटांची संख्या एनएव्हीने गुणून पाहा. जे उत्तर येईल त्याने दचकू नका, पण दरमहा त्यात भर घालणे मात्र थांबवा.

आणि एक साधे गणित. लोक ०.०५ टक्के खर्चाचा फंड सोडून ०.१० टक्क्यांचा का घ्यावा यावर तासन्‌तास वाद घालतात. तोच माणूस मार्केट ऑर्डर टाकून आय-एनएव्हीपेक्षा २ टक्के वर खरेदी करतो, तेव्हा तो त्या पाच शतांशाच्या फरकाची चाळीस वर्षांची बचत एका मिनिटात घालवून बसतो. म्हणून निर्देशांक ठरल्यावर मी दुसरा प्रश्न हाच विचारीन की, या ईटीएफमध्ये रोज किती उलाढाल होते आणि खरेदीची सर्वोच्च बोली व विक्रीची सर्वांत कमी मागणी यांत अंतर किती आहे. निफ्टीच्या मोठ्या ईटीएफमध्ये ते पैशांत मोजण्याइतके असते. नव्याने निघालेल्या, नाव न ऐकलेल्या संकल्पनेवरच्या ईटीएफमध्ये दुपारी दोन वाजता समोर विकणारा म्हणून कधीकधी कोणीच नसतो.

निवृत्त खातेदार यांचे उत्तर:

मी वयाची सत्तरी ओलांडलेला माणूस आहे. येथे थोडा वेगळा सूर लावतो, त्याबद्दल दोघांनीही राग मानू नये.

भारतातला पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, जानेवारी २००२ मध्ये बाजारात आला. मी तो २००६ मध्ये घेतला. तो काढणारी बेंचमार्क ही छोटी कंपनी २०११ मध्ये गोल्डमन सॅक्सकडे गेली, त्यांच्याकडून २०१६ मध्ये रिलायन्सकडे, आणि २०१९ मध्ये निप्पॉनचे नाव लागले. मालक तीनदा बदलले. माझ्या युनिटांना त्याची गंधवार्ताही नव्हती, कारण आत त्याच पन्नास कंपन्या होत्या. मला त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. जानेवारी २००८ मध्ये ६,३००च्या वर गेलेला निफ्टी ऑक्टोबरमध्ये २,३००च्या खाली उतरला, आणि ईटीएफ दिवसभर विकता येतो या सोयीचा फायदा घेऊन मी निम्मी युनिटे विकून मोकळा झालो. विकायला दोन मिनिटे लागली. परत घ्यायला मला चार वर्षे लागली.

म्हणून ताईंना विचारतो: तुम्हाला ईटीएफच का हवा? तुम्ही सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या वेळात वर्गावर असता. आय-एनएव्ही पाहून लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाचीच) टाकणे हे त्याच वेळात करायचे काम आहे. त्याच निफ्टीचा इंडेक्स फंड, डायरेक्ट योजनेतला (मध्यस्थाविना थेट फंड घराण्याकडून घेतलेला), दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेतून पैसे घेतो आणि त्या दिवसाच्या एनएव्हीला युनिटे देतो. बाजारभाव, बोली, फुगा हे प्रश्नच उद्भवत नाहीत. खर्च ईटीएफपेक्षा थोडा जास्त असतो हे खरे. हा जास्तीचा खर्च ०.१५ टक्के धरला, तर सहा लाखांवर वर्षाला नऊशे रुपये होतात. ईटीएफ विकताना डीमॅटचा जो दर वेळचा आकार पडतो, तो आणि तुमचा वेळ जमेस धरलात, तर आज हा सौदा महाग नाही. उद्या रक्कम पन्नास लाखांवर गेली की हेच नऊशे साडेसात हजार होतील. तेव्हा पुन्हा विचार करावा. अमेरिकेत सर्वसामान्यांसाठी १९७६ मध्ये इंडेक्स फंड सुरू करणाऱ्या जॉन बोगल यांनाही ईटीएफच्या दिवसभराच्या खरेदी-विक्रीबद्दल शेवटपर्यंत शंका होती, हे येथे सांगण्याचा मोह आवरत नाही.

कोयनाकाठ यांचा प्रतिसाद:

तिघांचेही मनापासून आभार. खळ्याबाहेरचा यांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री गुणाकार केला. नॅस्डॅकमधला आकडा पाहून दचकायचे नाही असे सांगितले होते, तरी दचकलेच.

काकांचा मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटला, कारण चांदीची ऑर्डर मी घंटा वाजायच्या आत उरकली होती. यापुढचे मासिक पैसे इंडेक्स फंडातच घालावेत, असे मन होत आहे. पण आहे त्या युनिटांचे काय? सेन्सेक्स, बँक निफ्टी आणि सीपीएसई विकून एकत्र करावेत का? आणि सहकारी शिक्षक मोमेंटम (अलीकडे भाव वेगाने वाढलेल्या शेअरांचा) ईटीएफ घ्या म्हणून मागे लागले आहेत. त्याचा २००५ पासूनचा आलेख खरोखरच निफ्टीच्या पुष्कळ वर दिसतो.

हिशोबनीस यांचे उत्तर:

मोमेंटमचा तो आलेख मीही पाहिला आहे. निफ्टी २०० मोमेंटम ३० या निर्देशांकाची गणना १ एप्रिल २००५ पासून दाखवतात, पण तो निर्देशांक प्रत्यक्षात सुरू झाला ऑगस्ट २०२० मध्ये. म्हणजे जन्माआधीच्या पंधरा वर्षांचे प्रगतिपुस्तक आपल्या हाती दिले जाते, आणि त्यात कोणताही विषय नापास नसतो. नियम जुन्या आकड्यांवर बसवून पाहिले जातात. जे बसत नाहीत ते निर्देशांक बाजारात येतच नाहीत. यात लबाडी नाही, पण तुलना करताना २०२० नंतरचा भागच धरावा. घ्यायचाच असेल तर एकूण रकमेच्या दहा टक्क्यांत ठेवा.

सीपीएसईबद्दल माझे मत कडक आहे. मार्च २०१४ मध्ये तो आला, तो सरकारी कंपन्यांतील केंद्राचा हिस्सा विकण्याचे साधन म्हणून. त्यातल्या जेमतेम डझनभर कंपन्या निर्गुंतवणुकीच्या सोयीने एकत्र आल्या आहेत, आणि वीज, तेल, कोळसा व संरक्षण यांवरच त्याचा भार आहे. मधल्या काळात त्याने उत्तम परतावा दिला, त्याआधी कितीतरी वर्षे काहीच दिले नाही. निवृत्तीच्या गाभ्यात त्याला जागा नाही.

तरीही घाईने विकू नका. कर पाहून विका. समभागांच्या ईटीएफवर बारा महिन्यांनंतर झालेला नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे आणि त्यापुढे १२.५ टक्के कर आहे. बारा महिन्यांच्या आत विकल्यास २० टक्के. डीमॅटमध्ये आधी आलेले युनिट आधी गेले असे धरतात, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीची युनिटे विकताना अलीकडची आपोआप मागे राहतात. काही मार्चपूर्वी आणि उरलेली एप्रिलमध्ये विकली, तर दोन वर्षांची सूट हाती येते. तुमचा नफा बहुधा एकाच वर्षाच्या सवलतीत मावेल. नॅस्डॅक आणि चांदी यांना मात्र ही सव्वा लाखाची सूट लागू नाही. चांदी बारा महिन्यांच्या आत विकल्यास नफा तुमच्या पगारात मिळवून कर लागतो.

निफ्टीचे दोन्ही ईटीएफ आणि सेन्सेक्सचा, हे तसेच पडू द्या. त्यांत चुकीचे काही नाही, फक्त पसारा आहे, आणि पसारा आवरण्यासाठी कर भरण्याचे कारण नाही. नवे पैसे निफ्टी आणि नेक्स्ट ५०च्या इंडेक्स फंडांत दोनास एक या प्रमाणात जाऊ देत. बँक निफ्टी आणि सीपीएसई मोडून आलेले दीड लाखही तिकडेच.

खळ्याबाहेरचा यांचे उत्तर:

विकतानाही तीच काळजी घ्यायची, एवढेच जोडतो. सुट्टीच्या दिवशी बाजार बंद असतो आणि तुम्हाला वेळ नसतो तो उघडा असतानाच, म्हणून एखादी रजा त्यासाठी राखून ठेवा. पहिला अर्धा तास आणि शेवटची पंधरा मिनिटे सोडून द्या. शेजारी फंड घराण्याचे पान उघडून आय-एनएव्ही पाहा, त्याच्या अगदी जवळचा भाव लिमिट ऑर्डरमध्ये टाका, आणि ती पुरी झाली नाही तर चार पैसे खाली या. एकेका ईटीएफची विक्री शक्यतो एकाच दिवशी उरका. डीमॅटमधून युनिटे बाहेर जाण्याचा आकार दिवसाला आणि नावाला एकदा पडतो, तुम्ही एक युनिट विका की हजार. दर महिन्याला तीन-तीन हजारांचे विकत बसलात, तर पंधरा-वीस रुपयांचा तो आकार म्हणजे अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त होतो.

नॅस्डॅक विकायचा झालाच, तर तो वर असलेल्या फुग्यासकट विकता येतो, हे विसरू नका. या फटीने आजवर तुमचे पैसे घेतले. विकताना ती रुंद असेल, तर तीच तुमच्या बाजूने उभी राहते. मी रोज तो फरक वहीत लिहून ठेवला असता आणि पंधरा दिवसांनी ठरवले असते.